काकासाहेबाच्या जीपचा बेस

धावड्याच्या बसथांब्यासमोर रामकिसनचं रेडिओ आणि टेप दुरुस्तीचं दुकान होतं. दुकान कसलं, पत्र्याची दहा बाय आठची खोली. आत एक टेबल, भिंतीला पोटं उघडी टाकलेले रेडिओ आणि गिऱ्हाइकाला बसायला दारात जुन्या जीपची एक सीट. पण सत्त्याण्णव-अठ्ठ्याण्णवच्या सुमाराला भोकरदन तालुक्यातल्या जीपवाल्यांत त्याचं नाव निघायचं ते रेडिओसाठी नाही, बेससाठी.

तो काळ जीपगाड्यांचा होता. एसटी आली तर आली, नाहीतर धावड्याहून भोकरदन आणि भोकरदनहून राजूर हा सगळा रस्ता जीपच तोडायच्या. एकामागं एक चार जीप उभ्या असल्या की माणसं टायर बघायची नाहीत, ब्रेक विचारायची नाहीत. ज्या गाडीतला टेप घुमत असेल तिच्यात आधी चढायची. मग जीपवाले रामकिसनकडं यायचे आणि सगळ्यांचं मागणं एकच असायचं. बेस कमरेत लागला पाहिजे.

रामकिसन माणूस सरळ, थोडा हट्टी आणि स्वतःच्या अकलेवर फार खूश. दहावीत दोनदा बसून दोनदा घरी आलेला हा गडी गिऱ्हाइकाला मात्र मास्तरासारखा शिकवायचा. स्पीकर गाडीच्या दारात नुसता ठोकून चालत नाही, कारण त्याच्या कागदाच्या, म्हणजे हलणाऱ्या पडद्याच्या, मागची हवा पुढच्या हवेला मारून टाकते. त्याला मागं बंद खोका पाहिजे. "स्पीकर म्हंजी तोंड, बॉक्स म्हंजी छाती," तो सांगायचा. "छाती न्हाई तर आवाज भरंल कुठून?" दोन स्पीकरपैकी एकाच्या तारा उलट्या लागल्या तर एक कागद पुढं येताना दुसरा मागं जातो आणि बेस गायब होतो, हेही त्याला पक्कं माहीत होतं. बॅटरीचा सेल तारांना टेकवून कागद कुठं उडी मारतो ते तो स्वतः बघायचा, तेव्हाच बॉक्स बंद करायचा. आणि बॉक्सच्या आत तो कापूस भरायचा. कापसानं आतली हवा जड होते, आवाज खोल जातो. बाकी देवधर्म, बाहेरचं, भुताखेताचं, यावर त्याचं उत्तर ठरलेलं असे. मीटर दाखवील ते खरं.

काकासाहेब हा त्याचा शाळेपासूनचा दोस्त. अंगानं आडवा, तोंडानं मोकळा, कुणाची टिंगल केल्याशिवाय त्याला जेवण पचत नसे. त्यानं औरंगाबादहून जुनी जीप आणली आणि रंग द्यायच्या आधी ती रामकिसनच्या दारात उभी केली. मागच्या दोन्ही सीटांखाली दोन बॉक्स बसवायचे ठरले. रामकिसननं प्लायवूड कापलं, फटी सरसानं बुजवल्या, मोठे लांबट स्पीकर लावले. तरी बेस येईना. आधी गोणपाट भरून बघितलं, मग सीटचा फोम, मग बाजारचा कापूस. आवाज यायचा, पण पत्र्याचा.

"आरं, हे तर आमच्या दारच्या लग्नातल्या भोंग्यासारखं वाजून राह्यलं," काकासाहेब म्हणाला. "तुझं नाव ऐकून आल्तो म्या."

रामकिसनला ते झोंबलं. तो त्याच रागात घरी गेला आणि भिंतीला टेकून ठेवलेली मायची गादी त्याच्या नजरेस पडली.

ती गादी तिथं का होती, ते सांगायला पाहिजे.

रामकिसनची माय, झुंबरबाई, तीन वर्षांपासून अंथरुणाला खिळलेली होती. कमरेखालचं अंग गेलेलं, छातीत कफ, डोळ्यांना अंधुक दिसायचं. कान तेवढे तिखट. त्या वैशाखात एका दुपारी तिचा श्वास थांबला. भुजंगकाकांनी, म्हणजे रामकिसनच्या चुलत्यांनी, कापसाचा बारीक पेळू नाकाशी धरला. तो हालला नाही. रामकिसननं स्वतःच्या घड्याळाची काच तिच्या ओठांपुढं धरली, काचेवर वाफ धरली नाही. मग रीतीप्रमाणं तिला खाली घेतली. सारवलेल्या जमिनीवर, डोकं उघड्या भुईला टेकवून. तोंडात तुळशीचं पाणी घातलं. बायकांनी रडायला सुरुवात केली, अंगणात आंघोळीच्या पाण्याखाली जाळ लागला, भुजंगकाका लाकडं बघायला निघाले. असा तास गेला असेल.

आणि झुंबरबाई अगदी रोजच्या आवाजात म्हणाली, "रामा, उशाला काय तरी दे रे."

रडणाऱ्या बायका तशाच तोंड उघडून गप्प झाल्या. रामकिसन धावला, त्यानं आपला सदरा काढून गुंडाळला आणि तिच्या डोक्याखाली सारला. नंतर गावात त्या गोष्टीची फार मजा झाली. काकासाहेब तर म्हणायचा, की म्हातारी वरून परत आली ती नुसती उशीसाठी आली. रामकिसन हसायचा, पण त्या दुपारी आपण तासभर काय समजून बसलो होतो ते आठवलं की रात्री उठून तिचा श्वास बघून यायचा. तो आईवर जीव टाकणारा मुलगा होता. बाप लवकर गेला आणि ह्या बाईनं दुसऱ्यांच्या रानात कापूस वेचून त्याला वाढवलं होतं.

गादी त्याच कापसाची होती. वेचणीच्या पहिल्या दिवशी मालक वेचणाऱ्या बायांना ओंजळ ओंजळ कापूस घरी न्यायला देत. पहिल्या वेचणीचा तो कापूस झुंबरबाईनं अकरा वर्षं साठवला आणि त्याची एक गादी भरून घेतली. त्या गादीवरून तिला खाली घेतलं होतं. एकदा माणूस खाली घेतलं की त्याचं अंथरूण परत त्याच्याखाली घालत नाहीत, ओढ्यापलीकडं टाकून देतात. दुर्गाबाईनं, रामकिसनच्या बायकोनं, सासूला नवं अंथरूण केलं आणि गादी बाहेर काढली. ती ओढ्यावर टाकायचं काम रामकिसनचं होतं, आणि तो ते आज उद्या करत पंधरा दिवस विसरला होता.

त्या दिवशी त्यानं गादी उसवली. आत कापूस असा हलका की हातात धरला तरी कळू नये. त्यानं तो पोत्यात भरला आणि दुकानात नेला.

"ते आत्याबाईच्या अंगाखालचं हाय," दुर्गाबाई दारातून म्हणाली. "आन् त्या अजून हायेत."

"कापूस हाय तो. बॉक्समधी भरायचा, कुनाच्या अंगाखाली न्हाई."

दोन्ही बॉक्स त्यानं त्या कापसानं भरले. टेप लावला. पहिल्याच ठोक्याला टेबलावरचे स्क्रू नाचले. काकासाहेब सीटवर बसला होता तो उठून उभा राहिला. आवाज मोठा नव्हता, पण खोल होता आणि उबदार होता, जसा माणसाच्या पाठीला कान लावल्यावर आतून येतो तसा. काकासाहेबानं खिशातला पानाचा पुडा काढून रामकिसनपुढं धरला आणि काही बोलला नाही. त्याच्यासारख्या माणसानं गप्प बसणं ही मोठी पावती होती.

जीप चालू लागली आणि नावारूपाला आली. काकासाहेबाची गाडी भरल्याशिवाय मागच्या गाडीत कुणी बसेना.

आषाढ लागला तशी झुंबरबाई एकदम सुधारली. भाकर कुस्करून खाऊ लागली, बोलू लागली. एका सकाळी दुर्गाबाई तिला पाणी पाजत होती, तेव्हा ती कुरकुरली, "तो डायवर सारकं एकच गाणं का लावतो गं? दुसरी कॅसेट न्हाई का त्याच्यापाशी?"

दुर्गाबाईनं ते नवऱ्याला सांगितलं. रामकिसन म्हणाला, "गाडी रस्त्यानं जाती, आवाज येत आसंल."

रस्ता त्यांच्या घरापासून पाऊण मैल होता. मध्ये गावचा चढ होता. पण मायचे कान तिखट आहेत, असं म्हणून त्यानं विषय संपवला.

पुढच्या आठवड्यात ती म्हणाली, "राजूरच्या बायांची लय कलकल होती आज. एकीचं लेकरू उलट्या करून राह्यलं होतं." दुर्गाबाईनं तेही नवऱ्याच्या कानावर घातलं. संध्याकाळी काकासाहेब दुकानासमोर जीपचा मागचा भाग धूत होता. रामकिसननं सहज विचारल्यासारखं विचारलं.

"लेकरू उलटलं रे," काकासाहेब म्हणाला. "राजूरची एक बाई व्हती. तुला कोनं सांगितलं?"

रामकिसन दुकानात गेला आणि उगाचच एका रेडिओचं झाकण काढून परत बसवलं.

मग काकासाहेबाची तक्रार आली. टेप बंद केला तरी बॉक्स बोलतो. बोलतो म्हणजे कुजबुजतो, मध्येच खोकतो. पॅसेंजर मागं वळून बघतात. "आर्थिंग ढिलं आसंल," रामकिसन म्हणाला आणि दुपारच्या खेपेआधी डाव्या बाजूचा बॉक्स काढून टेबलावर घेतला. काकासाहेब जेवायला गेला.

बॉक्सला तार नव्हती, टेप नव्हता, बॅटरी नव्हती. बारा-सव्वाबाराचं ऊन दारात पडलं होतं. कागदावर धूळ होती ती पुसावी म्हणून रामकिसननं तळहात ठेवला.

कागद हळूच बाहेर आला आणि हळूच आत गेला. परत बाहेर आला.

त्यानं हात उचलला. मग परत ठेवला. दारातून वारा येतोय का ते बघितलं, दार लावलं, पंखा बंद केला. कागद येतच होता, जातच होता. चार-पाच वेळा गेल्यावर मध्येच अडखळायचा आणि बारीक थरथरायचा. त्यानं घड्याळ काढून मोजलं. मिनिटाला बावीस.

हे कशानं, ते रामकिसनला कळेना. पण हातांना सवय होती, ते त्यांचं काम करत राहिले. स्पीकर उलटा जोडला की त्याचा माईक होतो, हे रेडिओच्या धंद्यातल्या कुणालाही ठाऊक असतं. त्यानं बॉक्सच्या तारा अँप्लिफायरच्या तोंडाला दिल्या, दुसरा एक स्पीकर लावला आणि आवाज हळूहळू वाढवला.

आधी खरखर आली. मग कोंबडी कलकलली. मग भांडं ठेवल्याचा आवाज, अगदी ओळखीचा, तळाला पोचा पडलेल्या पितळी तांब्याचा. आणि मग त्याच्या टेबलावरून त्याची बायको म्हणाली, "आत्याबाई, तोंड उघडा. वरन हाय."

त्यानं बटण बंद केलं. दुकानाला कुलूप न लावता तो चढ चढून घरी गेला. दुर्गाबाई चुलीपाशी होती. मायच्या उशाला पोचा पडलेला तांब्या होता आणि वाटीत तळाशी थोडं वरण उरलं होतं. तो मायजवळ बसला आणि तिच्या छातीकडं बघत घड्याळ धरलं. मिनिटाला बावीस. चार-पाच श्वासांनंतर ती अडखळायची आणि कफ थरथरायचा.

"आज गाडी का थांबली रे?" मायनं विचारलं. "समदं गप गप झालं."

तो भ्याला, आणि भ्यालेल्या माणसाला पहिली जी गोष्ट सुचते ती त्यानं केली. परत जाऊन बॉक्सचे मागचे स्क्रू काढले आणि कापूस बाहेर ओढायला लागला. मूठभर निघाला आणि बाकीचा घट्ट अडकून बसला. तो सोडवण्यात दहा-बारा मिनिटं गेली असतील, तेवढ्यात पत्र्याच्या भिंतीपलीकडून घराशेजारची चतुराबाई ओरडत आली, की घरी चल, म्हातारीचा जीव कासावीस झाला. त्यानं कापूस परत कोंबला. झाकण स्क्रू न लावता नुसतं टेकवलं आणि धावला. घरी पोचला तेव्हा झुंबरबाई पुन्हा नीट श्वास घेत होती आणि दुर्गाबाई तिची छाती चोळत होती.

"मूठभर काय तरी उपटून नेल्यागत झालं," माय म्हणाली.

हे कुणाला सांगायचं? काकासाहेबाला सांगितलं असतं तर वर्षभर तालुका हसला असता. भुजंगकाकांना सांगितलं असतं तर त्यांनी विचारलं असतं, की गादी ओढ्यावर का टाकली नाही. दुर्गाबाईला सांगायला तोंड नव्हतं, तिनं आधीच सांगितलं होतं. रामकिसन एकटाच ते घेऊन बसला. एवढं मात्र त्याला कळलं होतं, की मायचं काय चाललंय ते नाडी धरून समजत नाही, कापूस नाकाशी धरून समजत नाही. एकदा तो कापूस खोटा ठरलाच होता. आता बॉक्सचा कागद हेच मीटर होतं.

म्हणून त्याला ते बॉक्स घरी पाहिजे होते. त्यानं काकासाहेबाला सांगितलं, की ह्यापेक्षा भारी नवी जोडी बनवतो, ही मला परत दे.

"बिलकुल न्हाई," काकासाहेब म्हणाला. "आता अंगारकी आली. अख्खा तालुका राजूरच्या गणपतीला जानार आन् तू माझ्या गाडीचा बेस काढतो? अंगारकी होऊ दे. बुधवारी सकाळी काढून घे."

रामकिसननं मान डोलावली. एक दिवसाचाच तर प्रश्न होता.

अंगारकीच्या मंगळवारी काकासाहेबाची जीप पहाटेच गच्च भरून राजूरला गेली. ती तिकडंच राजूर ते भोकरदन खेपा मारणार होती आणि संध्याकाळी सहाला धावड्याला परतणार होती. निजलेल्या गावात तिचा बेस चढाखालून पुसटसा ऐकू आला तेव्हा रामकिसन अंगणात दात घासत होता, आणि त्याला बरं वाटलं. आतून माय म्हणाली, "लय गर्दी हाय रे आज."

दुपारी बाराला झुंबरबाईचा श्वास थांबला.

भुजंगकाकांनी पेळू धरला. हालला नाही. मंगळवारी भोकरदनहून येणारे डॉक्टर अंगारकीमुळं आले नव्हते. रामकिसननं घड्याळाची काच धरली, पुसली, परत धरली. नाडी बघितली. छातीला कान लावला. आत काही नव्हतं.

तिला खाली घेतली. डोकं उघड्या भुईवर.

तास गेला. रामकिसन तिच्या तोंडाकडं बघत बसला. दुसरा तास गेला. दुर्गाबाई रडून थकली. पाहुण्यांना निरोप गेले, जवळची माणसं आली. आभाळ भरून यायला लागलं तसे भुजंगकाका बाहेर येऊन म्हणाले, "पावसाआधी उरकाया पाहिजे. लाकडं भिजली तर हाल व्हतील."

"सहा वाजेस्तोवर थांबू," रामकिसन म्हणाला.

"कोन यायचं ऱ्हायलं?"

रामकिसननं रस्त्याकडं बघितलं. जीप यायची राहिली आहे, असं सांगायचं? बॉक्सच्या कागदावर हात ठेवून बघायचा आहे, असं? मोटारसायकल घेऊन कुणाला राजूरला धाडावं, असं त्याच्या मनात आलं, पण लाखाच्या गर्दीत जीप शोधून त्यानं बघायचं काय, हे त्या माणसाला कसं सांगणार? सगळे त्याच्याकडं बघत होते. त्या नजरांत कीव होती. एकदा म्हातारी परत आली म्हणून पोरगा आस लावून बसलाय, एवढंच त्यांना दिसत होतं.

"मागल्या टायमाला तासात परत आल्त्या वैनी," भुजंगकाका त्याच्या खांद्यावर हात ठेवून हळू म्हणाले. "आता चार तास झाले, रामकिसन. अंग गार पडलं. हात लावून बघ."

त्यानं हात लावला. गार होतं. खरोखरच गार होतं.

तिरडी निघाली.

ओढ्याकाठी लाकडं रचली. तिला वर ठेवली. पाणी फिरवून झालं. भुजंगकाकांनी पेटतं लाकूड त्याच्या हातात दिलं.

रस्त्यावरून साडेचारची एसटी हॉर्न वाजवत गेली.

रामकिसन वाकला आणि थबकला.

"थांबा जरा," तो म्हणाला.

"काय झालं?" काकांनी विचारलं.

चितेवर काही हालत नव्हतं. फक्त कोपऱ्यात पांढऱ्या कापडाचा काठ वाऱ्यानं उडत होता.

"काही न्हाई," तो म्हणाला, आणि त्यानं जाळ लावला.

पाऊस पडलाच नाही. लाकडं चांगली पेटली.

सगळे ओढ्यात अंघोळी करून गावात गेले. रामकिसन ओल्या धोतरानं तसाच दुकानापाशी येऊन जीपच्या जुन्या सीटवर बसला. त्याला घरी बोलवायला दोघं जण आले आणि परत गेले.

सहाला दहा कमी असताना जीप आली. टेप बंद होता. पॅसेंजर उतरले आणि आपापल्या वाटेनं गेले. काकासाहेब गुलालानं माखला होता, घामाघूम होता, खुशीत होता. दिवसभर गावाबाहेर असलेल्या माणसाला काही माहीत असायचं कारण नव्हतं. रामकिसन ओला का, हेही ढगांनी अंधारून आल्यानं त्याच्या लक्षात आलं नाही.

"बॉक्स काढून घे बाबा तुझे," तो उतरता उतरता म्हणाला. "बेस गेला."

रामकिसन उभा राहिला. "कधी गेला?"

"बाराला. राजूरच्या कमानीपाशी गाडी लावली व्हती. गाणं चालू, आन् एकदम पत्र्यावानी वाजाया लागलं. छातीच गेली त्याची."

बाराला. रामकिसन परत खाली बसला. त्याच्या डोळ्यांतून पाणी वाहायला लागलं आणि ते त्यानं पुसलंही नाही. बाराला गेली होती. भुजंगकाकांचा कापूस खरा होता, घड्याळाची काच खरी होती. दिवसभर उरावर बसलेला धोंडा उतरला. आता काकासाहेबाला सांगावं, म्हणून त्यानं तोंड उघडलं.

"पन पुढली गंमत तर ऐक," काकासाहेब म्हणाला. "तू आत काय वायरलेस बसवला का रे?"

रामकिसननं तोंड मिटलं.

"शेवटची खेप घेऊन राजूरच्या फाट्याला आल्तो. टेप बंद. रस्त्यावर मागं पुढं बस न्हाई, आन् बॉक्समधून एसटीचा हॉर्न वाजला. मंग तुझाच आवाज. बिलकुल तुझा. थांबा जरा, म्हणला. म्या खरंच गाडी थांबवली ना."

"मंग?"

"मंग कोनतरी म्हणलं, काय झालं? तू म्हणला, काही न्हाई." काकासाहेब हसला. "म्हणलं, काही न्हाई तर चला. घेतली गाडी पुढं."

रामकिसननं सीटची कड धरली होती. तिचा पत्रा त्याच्या बोटांत रुतत होता.

"मंग त्या बाईचं सुरू झालं."

"कोन बाई?"

"मला काय ठाव? म्हातारी व्हती, आवाजावरून. आन् आवाज असा भरून आला की सीट हालली. दिवसभर गेलेला बेस तेव्हा आला बघ." काकासाहेब पुढच्या टायरला लाथ मारून हवा बघत होता. "रामा, उशाला काय तरी दे रे, म्हणं."

चढावरच्या घरांत दिवे लागले होते.

"एकदाच म्हणली?" रामकिसननं विचारलं.

"एकदाच कशाला? पार भोकरदनच्या पुलापर्यंत मागून राह्यली व्हती."